नऊ नंबरची बेल

बसा. चहा किटलीत आहे, तुम्हीच ओतून घ्या. मी उठणार नाही, हिचा हात धरलाय. झोपलीय ती. हळू बोलायची गरज नाही, तिला माझ्या बडबडीची सवय आहे. उलट मी गप्प बसलो की जागी होते. दिवा तेवढा जरा इकडे सरकवा. हां.

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तरांच्या मेहेरबानीने. कॉम्प्युटरमधलं मला ओ का ठो कळत नाही. पण ही हकिगत कॉम्प्युटरपासूनच सुरू होते, त्याला मी काय करू?

त्या दुपारी मी हिचा धुतलेला गाऊन घेऊन हॉस्पिटलात गेलो होतो. अर्धांगवायूचा झटका येऊन हिला बरेच महिने झाले होते. उजवी बाजू पार गेली, डाव्या हाताच्या बोटांत जोर नाही. आधी ती जुन्या इमारतीत होती. मग शेजारी नवी बांधली आणि सगळ्या पेशंटांना तिकडे नेलं. जुन्या लोखंडी खाटा भंगारवाल्याची वाट बघत तिथेच राहिल्या. जुन्या वॉर्डात हिची खाट नऊ नंबरची, नव्यातही नऊच.

दुपारी भेटायला बंदी. का, तर पेशंटला विश्रांती हवी. दिवसभर आडवं पडलेल्या माणसाला आणखी विश्रांती कसली, असं मी दारावरच्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, मला कशाला विचारता? मला तर बसायलाही मिळत नाही."

म्हणून भेटीची वेळ होईपर्यंत सुनेकडे जाऊन बसलो. आमची सून तिथेच नोकरीला आहे, तळमजल्यावर, कॉम्प्युटरच्या खोलीत. पोरगी हुशार, पण त्या दिवशी तोंड उतरलेलं.

"काय गं, साहेब ओरडला?"

"नाही बाबा. बसा ना."

"मग तोंड असं का, कोणी उसनं घेऊन परत न केल्यासारखं?"

हसली नाही. मग तिने सांगितलं. प्रत्येक खाटेशी एक बेल असते. पेशंटने दाबली की वर लाल दिवा लागतो. सिस्टर येते, काय हवं नको बघते आणि भिंतीवरचं हिरवं बटण दाबून दिवा घालवते. ते बटण खाटेपाशीच असतं, दुसरीकडून दिवा जात नाही. म्हणजे कोणाला तरी तिथवर चालत जावंच लागतं. बेल वाजली की मशीनमध्ये एक नोंद होते, हिरवं बटण दाबलं की दुसरी. साहेबांना बघायचं होतं, कुठल्या सिस्टर आळस करतात. म्हणून सुनेने मशीनला विचारलं, ज्या बेलला जोडीचं उत्तर नाही, तेवढ्याच बेल दाखव.

"म्हणजे बिजागरीचं एक पान आहे, दुसरं नाही," मी म्हटलं.

"अगदी तसंच. तर एकच खाट निघाली. रोज दुपारी बेल वाजते आणि कोणी जात नाही."

"मग त्या सिस्टरला झापा."

"तिथे सिस्टर नाही, बाबा. जुन्या वॉर्डातली खाट आहे. नऊ नंबर."

मी म्हटलं, वायर कुठे चिकटली असेल. ती म्हणाली, वायरमनला विचारलं. त्या इमारतीची वीज केव्हाच तोडलीय. वायरसुद्धा गुंडाळून नेल्या.

मग तिने आवाज खाली आणला. "मी उलटंही विचारून पाहिलं. बेल नाही पण उत्तर आहे, असं काही निघतं का. तेही निघालं. नव्या वॉर्डात एका खाटेचं हिरवं बटण रोज दुपारी कोणीतरी दाबतं. बेल कोणी वाजवलेलीच नसते..."

"कुठली खाट?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आईंची," म्हणाली.

वेळ झाल्यावर वर गेलो. ही उशाशी टेकून बसली होती. गाऊन बघून म्हणाली, "इस्त्री नाही केलीत?" मी म्हटलं, तुला कुठे मिरवायला जायचंय. मग खाटेखाली पिशवी ठेवायला वाकलो, तर तिथे हिच्या सपाता. एकमेकींना लावून, टाचा खाटेकडे, पुढची बाजू दाराकडे. झटका आल्यापासून हिने जमिनीला पाय लावला नव्हता. सपाता घरी कपाटात होत्या, मी स्वतः ठेवल्या होत्या.

"या कोणी आणल्या?"

"तिनेच." ही शांतपणे म्हणाली. "काल नुसतं पांघरूण काढलं होतं."

मी स्टूल ओढून बसलो. हिचं बोलणं जिभेवरून घसरतं, कान जवळ न्यावा लागतो.

"दुपारी डोळा लागला की मी जुन्या वॉर्डातच असते," ही म्हणाली. "खिडकीशी. छतावरचा तो मांजरासारखा डाग दिसतो. तिथे माझा हात चालतो, अहो. खरंच चालतो. मग मी बेल दाबते. तहान लागलेली असते... कोणी येत नाही. दाबत राहते. मग जाग येते, तर इकडे ती उभी."

"कोण ती?"

"सिस्टरच असेल. कपडे कडक इस्त्रीचे, वास येतो त्यांचा. तोंड दिसत नाही, उजेड मागून असतो. हळूच ते बटण दाबते आणि म्हणते, चला. तिकडे तुमच्याकडे कोणी यायचं नाही."

"मग तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, हे येतील. रोज म्हणते. आता मलाच खोटं वाटायला लागलंय."

सपाता मी पिशवीत कोंबल्या. वॉर्डातल्या सिस्टरला विचारलं, तर ती म्हणाली, दुपारी या बाजूला कोणाची ड्युटीच नसते.

दुसऱ्या दिवशी सुनेने जुन्या इमारतीची किल्ली आणून दिली. बरोबर येते म्हणाली. मी म्हटलं, तू तुझ्या मशीनसमोर बस, आणि बेल दिसली तर दिसू दे. फुलपात्रात पाणी घेतलं, वर ताटली झाकली आणि गेलो.

त्या वॉर्डाचं दार मी ओळखतो. त्याची स्प्रिंग मीच बसवली होती, जरा जास्तच कडक. कोणी आलं-गेलं की दार असं आपटायचं की अख्खा वॉर्ड दचकायचा. सिस्टर शिव्या घालायच्या मला. आत गेलो, आणि ते माझ्या पाठीमागे तसंच आपटलं. बरं वाटलं, ओळखीचा कोणी भेटल्यासारखं.

आत ऊन होतं. खिडक्यांतून आडवं आलेलं, पिवळं, जड. धूळ त्यात तरंगत होती, पण खाली बसत नव्हती. खाटा रांगेने, नुसत्या पट्ट्या दिसणाऱ्या. फक्त नऊ नंबरवर गादी. फिनेलचा जुना वास, ओल्या लाकडाचा, आणि मधूनच कुठूनतरी गरम इस्त्रीचा. मी स्टूल घेऊन खिडकीशी बसलो. वर मांजरासारखा डाग होता. आपण कोणाच्या तरी झोपेत बसलोय आणि जोरात खोकलो तर ते माणूस उठेल, असं वाटत होतं. म्हणून खोकला दाबून धरला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पापण्या जड झाल्या. समोरची गादी हळूहळू दबली. आधी डोक्यापाशी, मग खांद्यापाशी, मग कमरेपाशी. हिला उजव्या कुशीवर झोपायची सवय आहे, तशीच दबली.

आणि लाल दिवा लागला. आवाज नाही. वायर नसलेल्या भिंतीवर नुसता दिवा.

"आलोय," मी म्हटलं. "अगं, आलोय मी... कशाला सारखी दाबतेस."

ताटली काढली आणि फुलपात्र जिथे तिचं तोंड असायला हवं तिथे धरलं. पाणी सांडलं नाही. कमी झालं. मी डोळ्यांनी पाहिलं. अर्ध्यावर आलं, मग थांबलं.

त्याच वेळी इस्त्रीचा वास जवळ आला. माझ्या मागे, अगदी खांद्यापाशी. कपडा कपड्याला घासल्यासारखं काहीतरी... मी मागे वळलो नाही. का वळलो नाही, ते विचारू नका. पुढे वाकून हिरवं बटण दाबलं. दिवा गेला. गादी परत फुगून सपाट झाली.

मी उठलो आणि दाराकडे निघालो. पळालो नाही, गुडघे पळण्यासारखे राहिलेत कुठे. दार उघडून बाहेर पडलो आणि आपटण्याची वाट बघत उभा राहिलो.

ते आपटलंच नाही. हळूच लागलं. मागून कोणीतरी हाताने धरून, कोणाची झोप मोडू नये म्हणून लावतं ना, तसं.

खाली सुनेच्या खोलीत जाऊन बसलो. संध्याकाळी हिच्याकडे गेलो तर तोंडावर तजेला. मला बघून म्हणाली, "एवढ्या लांबून आणलंत, तर पाणी गार तरी आणायचं. उन्हात ठेवलं होतंत की काय?"

बाहेर येऊन डोळे पुसले. म्हातारपणी डोळ्यांत पाणी येतंच.

सून जिन्यापाशी उभी होती. "बाबा, आज दोन्हीकडे काही शिल्लक नाही," म्हणाली. "आईंच्या इथलं बटण कोणी दाबलं नाही. आणि जुन्या वॉर्डातल्या बेलला उत्तर मिळालं. फक्त... तुम्ही हिरवं बटण दोनदा दाबलंत का?"

"हो," मी म्हटलं.

"दुसऱ्यांदा बऱ्याच वेळाने आहे. तोवर तुम्ही खाली येऊन माझ्यासमोर बसला होतात."

"मग नसेल दाबलं," मी म्हटलं. "मला काय विचारतेस, मी चौथी शिकलेला माणूस."

दुसऱ्याच दिवशी हिला घरी आणली. डॉक्टर नको म्हणत होते. मी म्हटलं, माझी बायको आहे, तुमची खाट तुम्हाला राहू दे. आता दुपारी मी हिच्याजवळून हलत नाही. हिने बेल शोधायच्या आत माझा हात हातात असतो. बरी आहे. काल डावी मूठ वळली तिची.

संध्याकाळी एवढ्या उशिरापर्यंत ती झोपत नाही खरं तर. आज झोपलीय.

तुम्ही निघालात? थांबा जरा. मघाशी तुम्ही आलात तेव्हा दार जोरात आपटलं. ते चांगलं झालं. या घराची स्प्रिंगही मीच बसवलीय, मुद्दाम कडक. पण मी बटणाचं सांगत होतो ना, तेव्हा ते परत एकदा उघडून लागलं. हळूच. तुमची दाराकडे पाठ होती, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

चहा राहू दे. दिवा तेवढा आणखी जवळ आणा, आणि हिचा दुसरा हात तुम्ही धरा.