पाठवणार: कमल साळवे

मुलुंड पूर्वेला पोस्टाच्या फाटकाशेजारी कमल साळवे पार्सलं शिवायला बसते, त्याला आता एकतीस वर्षं झाली. एक टेबल, एक छत्री, दाभण, सुतळी, मांजरपाटाचा गठ्ठा आणि फटकळ तोंड, एवढंच भांडवल. पोस्टात हल्ली तयार खोकी मिळतात, तरी लोणच्याची बरणी किंवा लेकीच्या सासरी जायचा कपबशांचा सेट घेऊन माणसं आधी तिच्याकडेच येतात. एकतीस वर्षांत तिच्या हातचा एक कप फुटलेला नाही. हे ती सगळ्यांना सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते.

तिचे नियम दोनच. शेवटचे टाके घालण्याआधी पार्सल कानाशी धरून हलवायचं. आतून आवाज आला तर सगळं उसवून पुन्हा बांधायचं. आणि पोकळ काच पोकळ पाठवायची नाही, तिच्या पोटात काहीतरी मऊ भरायचं. त्यासाठी ती नवऱ्याची, राजारामची, धुऊन धुऊन विरलेली बनियनं वापरायची. शिवाय एक सवय होती. ज्याला पत्त्याचं धड ठिकाण नाही, अशा गिऱ्हाइकाच्या पार्सलावर 'पाठवणार' म्हणून ती आपलंच नाव टाकायची. "परत आलं तर माझ्याकडं येईल. मी काय पळून चाललेय?"

डिसेंबरातल्या एका सोमवारी दुपारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक माणूस आला. त्याने पिशवीतून कंदिलाची काच काढली. जुनी, खूप पातळ.

"मावशी, ही पाठवायचीय. आत काही भरू नका."

"पोकळ काच जात नाही, भाऊ. वाटेतच जीव जातो तिचा."

"ती पोकळ नाही," तो म्हणाला.

कमलने काच उन्हात धरली. तिच्यातून समोरची रिक्षा स्वच्छ दिसत होती.

पत्ता कोकणातल्या कुठल्याशा वाडीचा होता, कुणा शिवदासचा. पाठवणार कोण, असं विचारल्यावर माणसाने नुसते पैसे टेबलावर ठेवले, तेव्हा तिने आपलं नाव टाकलं. तो चहा पिऊन येतो म्हणून वळला आणि तिने काचेत राजारामचं बनियन कोंबलं. गिऱ्हाईक काय, काहीही सांगतं! त्याच्या नादाला लागून एकतीस वर्षांचं नाव मातीत घालायचं होतं थोडंच? हलवून पाहिलं, आवाज नव्हता. शिवून, लाख लावून तिने पार्सल खिडकीत दिलं. माणूस पावती घ्यायला आला नाही.

अकरा दिवसांनी पार्सल परत आलं. वर शिक्का होता, 'घेण्यास नकार'. लाख शाबूत, टाके तिचेच. तिने ते घरी नेऊन उघडलं. काच शाबूत होती. बनियन नव्हतं.

आणि काच आतून धुरकटली होती. तिने दोन बोटं घालून पुसलं. बोटं ओली झाली. ओल कोमट होती.

राजारामने बावीस वर्षं लाद्या कापायच्या कारखान्यात काढली होती, छातीत धूळ होतीच. तरी औषधावर बरं चाललं होतं. सकाळी चष्म्यावर दोनदा 'हाऽ हाऽ' करून काचा बनियनला पुसायच्या आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा, हा त्याचा दिवस. त्या संध्याकाळी मात्र त्याला एक वाक्यही पुरं करता येईना. डॉक्टर म्हणाले, जुनी धूळ आहे, थंडीत वाढतं.

कमलला पटलं. साळव्यांच्या घरातून अंगारे-धुपारे सासऱ्यांनी कधीच हद्दपार केले होते. पण भाकरी थापता थापता तिची नजर फळीवरच्या काचेकडे गेली. राजारामची छाती खाली गेली की काच धुरकटायची. छाती वर आली की स्वच्छ व्हायची. तिने पन्नासपर्यंत मोजलं. एकदाही चुकलं नाही.

तिने वरवंटा उचलला. खाटेवर राजारामने दोन्ही हातांनी चादर आवळली, तोंड उघडं, आवाज नाही. तिने वरवंटा खाली ठेवला तेव्हा कुठे त्याला श्वास लागला.

दुसऱ्या दिवशी तिने तीच काच त्याच पत्त्यावर पुन्हा पाठवली. टपालाची गाडी फाटकाबाहेर पडली आणि पाचच मिनिटांत फोन वाजला. "कमल, भूक लागली गं. सुकट करशील?"

सहा दिवसांनी पार्सल परत. राजाराम पुन्हा खाटेवर. तिने पुन्हा पाठवलं, या वेळी ते तिसऱ्या दिवशीच टेबलावर येऊन पडलं.

"कमलताई, काय चाललंय यार?" खिडकीतल्या अनुपमाने विचारलं. "तोच पत्ता, तेच पार्सल. तीन दिवसांत तर ते तिथे पोचतसुद्धा नाही."

"तो घेत नाही तोवर पाठवणार."

"आणि घेतलंच नाही तर?"

"तर कोण आधी थकतं ते बघू. मी नाही थकत."

पण कमलला भीती वाटत होती. पुढच्या खेपेला ते एका दिवसात येईल, मग तासाभरात, मग गाडी फाटकाबाहेरच पडणार नाही. ती टेबलाशी बसून पार्सलाकडे बघत राहिली. परत येतंय ते माझ्या नावामुळे, तिच्या डोक्यात आलं. माझं नाव काढलं तर ते कुठे येईल?

तिने जुनं कापड फाडून टाकलं आणि नवं घेतलं. घेणार, शिवदास. पाठवणार, शिवदास. पत्ता तोच.

"आता ये परत," ती पार्सलाला म्हणाली. "माझा माणूस हप्त्या-हप्त्यानं मागायला लाज नाही वाटत?"

शेवटचे चार टाके राहिले होते. सवयीने तिने पार्सल कानाशी धरून हलवलं.

आत कुणीतरी श्वास घेतला.

मग घसा खाकरला. राजाराम हाक मारण्याआधी खाकरतो तसा.

नियमाप्रमाणे उसवायला हवं होतं. दाभण हातातच होतं.

"गप," कमल म्हणाली.

आणि तिने टाके घातले.

महिना गेला, पार्सल आलं नाही. राजाराम सुधारला. तीन जिने न थांबता चढू लागला, भाजी आणू लागला, रात्रीची खोकल्याची उबळसुद्धा गेली. कमल टेबलाशी येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायची, एकतीस वर्षांच्या कपांसारखंच.

एका रविवारी सकाळी राजारामने पेपर मांडीवर घेतला, चष्मा काढला. "हाऽ." पुसायला गेला आणि थबकला. काच जवळ नेली. "हाऽ. हाऽ."

"कमल, अगं, काच ओलीच होत नाही."

कमल ओट्यापाशी उभी होती. काच कोरडी ठणठणीत होती, हे तिला तिथूनही दिसलं. ती येऊन त्याच्यासमोर बसली. चष्मा घेता घेता तिने ओली बोटं त्याच्या नाकाखाली धरली आणि तशीच धरून ठेवली. बोटांना श्वास लागलाच नाही.

"काय गं?"

"काही नाही. थंडीनं होतं तसं," ती म्हणाली. तिने स्वतः दोन्ही काचांवर 'हाऽ' केलं, पदराने पुसून चष्मा त्याच्या नाकावर ठेवला. "वाचा. मोठ्यानं वाचा, मला ऐकायचंय."

दुसऱ्या दिवसापासून राजारामने चष्मा काढला, की त्याने तोंड उघडण्याआधीच तिचा हात पुढे असतो.