चाळिसाव्या सेकंदाला

हे खरे आहे. शपथ घेणार नाही. शपथेवर सांगावे इतकी खात्री मला आता कशाचीच उरलेली नाही. लिहिण्यापूर्वी मी माझ्या धाकट्या बहिणीला विचारले. ती म्हणाली, "लिही. पण ते वीस सेकंद गाळू नकोस."

म्हणून गाळत नाही.

ती रात्र नव्हती.

दुपारचे सव्वादोन वाजले होते. आमच्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही रात्र तयार केली होती. खिडकीला काळा कागद, कागदाच्या फटींवर काळी चिकटपट्टी, कोपऱ्यात निळ्या कागदात गुंडाळलेला एक दिवा. बाहेर ऊन रणरणत होते. रस्त्यावर कोणीतरी बंद पडलेली स्कूटर सुरू करण्याचा प्रयत्न करत होते. आत मध्यरात्र होती, आणि ती आम्ही आमच्याच हातांनी चिकटवली होती.

ती खोली बाबांची होती.

बाबांना जाऊन अकरा महिने झाले होते. आई आम्ही लहान असतानाच गेली होती. घरात आता आम्ही दोघीच.

मी चित्रपटाचे शिक्षण घेत होते. पहिलेच वर्ष, पण दुसऱ्यांदा. बाबांच्या आजारपणात माझे वर्ष वाया गेले होते. यंदा एकच काम उरले होते: एका थरारपटाची फक्त सुरुवात. दोन मिनिटांची. ती शुक्रवारी जमा झाली नाही, तर माझे नाव कमी होणार होते. "मला वाईट वाटेल," सर म्हणाले होते, "पण माझ्या हातात काही नसेल."

सरांनी फळ्यावर तीन संकेत लिहून दिले होते. चेहरा दाखवू नका. आवाज आधी, कारण मागाहून. आणि पात्राला कळण्याआधी प्रेक्षकाला कळले पाहिजे.

तिसरा मी वहीत दोनदा अधोरेखित केला होता.

त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

माझ्या सिनेमात पात्र एकच. टेबलाशी पाठमोरी बसून लिहिणारी मुलगी. मागचे दार हळूहळू उघडते. कॅमेरा, म्हणजे जो कोणी आत आला आहे त्याची नजर, तिच्या दिशेने सरकतो. बस्स. मुलगी म्हणजे माझी बहीण, टिटवी. हे नाव बाबांनीच ठेवलेले, कारण तिच्या बोलण्याला कुठे विसावाच नसतो. कॅमेरा माझा वर्गमित्र लंब्या सांभाळत होता. त्याचे हे नाव का पडले ते आमच्या दाराच्या चौकटीला विचारावे.

"ताई, दार एवढं करकरतंय आणि मला ऐकू येत नाही? बहिरी आहे का मी?" टिटवी म्हणाली.

"तुला ऐकू आलं तर सिनेमा तिथंच संपेल," लंब्या म्हणाला. "लोकांनी 'अगं मागे बघ, मागे बघ' म्हणून जीव काढायचा आणि तू बघायचं नाहीस. या एका गोष्टीवर अख्खा धंदा उभा आहे."

"मग माझ्या वाट्याला काय?"

"पाठ. छान आहे. तुझ्या अभिनयापेक्षा तर बरीच बरी."

तिने पेन्सिल फेकून मारली. आम्ही तिघेही हसलो. त्या खोलीत अकरा महिन्यांनी कोणीतरी हसले होते, आणि ते हसू भिंतींना नवखे वाटले असावे... लगेच विरले.

चित्रीकरण संपले की आमच्यात एक काम शेवटी करतात. खोलीची शांतता टिपतात. कोणी हलायचे नाही, बोलायचे नाही. एक मिनिटभर नुसती खोली ध्वनिमुद्रित करायची. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. दोन आवाजांच्या मधल्या जागा तिनेच भरून काढाव्या लागतात, नाहीतर तिथे भोके राहतात आणि कान ठेचकाळतो.

आम्ही फ्रिज बंद केला. लंब्याने रिवाजाप्रमाणे स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली, म्हणजे निघताना किल्ली शोधण्याच्या निमित्ताने तरी फ्रिज पुन्हा सुरू करायची आठवण होते. मी घड्याळातला सेल काढला.

आणि हेडफोन कानांवर चढवले.

इथे मला ती गोष्ट सांगायला हवी, जी तोवर कोणालाच ठाऊक नव्हती.

शेवटचे चार महिने बाबा ऑक्सिजनच्या यंत्रावर होते. यंत्र अहोरात्र घुरघुरत असे. धापेमुळे त्यांना हाक मारवत नसे, म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या होत्या. बोटातली अंगठी पलंगाच्या लोखंडी कठड्यावर वाजवायची. एक टक, म्हणजे पाणी. दोन, म्हणजे कूस बदला. तीन, म्हणजे श्वास पुरत नाही... धावत या.

एके दिवशी टिटवी औषधांच्या दुकानात नळी आणायला गेली होती. मला वर्गासाठी एका खोलीची शांतता टिपून द्यायची होती. आमचा पहिलाच धडा. संध्याकाळी द्यायची होती, आणि यंत्राची घुरघुर मधे येत होती.

"बाबा, एकच मिनिट बंद करू?"

ते हसले. "कर की. मी... मोजतो."

मी यंत्र बंद केले. त्यांच्याकडे पाठ करून आकड्यांवर नजर ठेवली. दहा. वीस. तीस.

चाळिसाव्या सेकंदाला...

टक.

टक.

टक.

हेडफोनमधून तो आवाज माझ्या कवटीच्या आत वाजला. मी वळले नाही. मनात आले, आणखी वीसच सेकंद. मग मिनिट पुरे.

मी वीस सेकंद थांबले.

खरे तर त्या टकटकीनेच ते मिनिट बाद झाले होते. मला त्याचा काही उपयोग नव्हता. तरी मी थांबले.

यंत्र लावले तेव्हा बाबांचे ओठ निळे पडले होते. हळूहळू रंग परतला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. तिसऱ्या दिवशी ते गेले. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं संपलीच होती." त्यांना मी त्या मिनिटाविषयी सांगितले नव्हते. टिटवीलाही नाही. ध्वनिमुद्रण पुसून टाकले. टिटवीने चार महिने बाबांच्या उशाशी काढले होते. तिला कळले असते तर माझे जगात कोणीच उरले नसते.

"सगळे गप्प," मी म्हणाले.

दहा.

वीस. बाहेरची स्कूटर थांबली.

तीस. मग रस्ताच थांबला.

चाळीस...

टक.

टक.

टक.

मी हेडफोन ओरबाडून काढले. "कोणी वाजवलं?"

"काय वाजवलं?" टिटवी म्हणाली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. बाबांची अंगठी तिच्या गळ्यातल्या साखळीत स्थिर लटकत होती.

आम्ही पुन्हा टिपले. पुन्हा चाळिसाव्या सेकंदाला. पलंग उचलून बाहेर व्हरांड्यात नेला. पुन्हा. पडद्यावर आवाजाची रेघ सपाट धावत होती आणि तिच्यावर तीन बारीक सुया उभ्या राहिल्या होत्या. म्हणजे तो माझ्या मनाचा खेळ नव्हता. यंत्राला मन नसते.

लंब्याने कानाला लावून ऐकले. "आईशप्पथ! भारी आहे हे. पाईप असेल भिंतीत. ठेव, ठेव. आवाज आधी, कारण मागाहून!"

"नाही."

"अगं पण का?"

"मी म्हणते म्हणून."

"बघू, मला ऐकव," टिटवीने हात पुढे केला.

मी बटण दाबले. पुसले.

"इतकं काय होतं त्यात?" ती म्हणाली.

दोघांना मी बाहेर पाठवले. चिकटवलेल्या रात्रीत एकटी राहिले. पलंग होता त्या जागी फरशीवर चार गंजके डाग उरले होते. मी त्यांच्या मधे गुडघ्यांवर बसले, आणि आयुष्यात प्रथमच रिकाम्या हवेशी मोठ्याने बोलले.

"बाबा, चुकलं माझं. तुम्हाला काय हवं ते घ्या. पण हे एक मिनिट मला द्या. तिला कळू देऊ नका."

मग ध्वनिमुद्रण सुरू केले.

चाळिसाव्या सेकंदाला टकटक झाली... पण या वेळी घाईघाईने. धाप लागलेल्या माणसासारखी.

मी सामान गुंडाळले.

संकलन करताना मी फक्त पहिले तीस सेकंद घेतले. त्यांची टोके जोडून तीच शांतता सगळीकडे पसरली. सतरा वेळा ऐकले. डोळे मिटून, आवाज पुरता वाढवून. काही नव्हते. गुरुवारी फाईल जमा केली. रात्री अकरा महिन्यांत पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

शुक्रवारी तीन वाजता छोट्या सभागृहात प्रदर्शन होते. वीसेक विद्यार्थी, मागच्या रांगेत सर. टिटवी माझ्या शेजारी बसली होती, स्वतःची पाठ पाहायला आतुर.

"माझ्या पाठीनं बक्षीस मिळवलं तर अर्धं माझं," ती कुजबुजली.

दिवे गेले. पडद्यावर निळी खोली. पाठमोरी मुलगी. दार उघडू लागले. कॅमेरा आत सरकला... एक पाऊल, आणखी एक. मी नकळत मोजत होते. अडतीस. एकोणचाळीस.

टक.

टक.

टक.

सभागृहभर घुमले. कोणीतरी दचकून "आई गं!" म्हणाले.

आणि माझ्या शेजारची खुर्ची वाजली.

टिटवी उठून उभी राहिली होती.

ती घाबरली नव्हती. चार महिन्यांची तिची सवय उठली होती. तीन टक, म्हणजे धावत जायचे. तिचा एक पाय पुढे पडलाही होता. मग तिला भान आले. ती हळूच खाली बसली. पडद्याकडे तिने पुन्हा पाहिले नाही.

ती माझ्याकडे पाहत होती.

"उत्तम," दिवे लागल्यावर सर म्हणाले. "त्या तीन ठोक्यांनी मला खुर्चीत ताठ बसवलं. कारण दाखवलं नाहीस, तेही योग्यच."

जिन्यावर तिने मला गाठले. जन्मभर बडबडणारी माझी बहीण दोन मजले उतरेपर्यंत गप्प होती.

"हे कधीचं आहे, ताई?"

"टिटवे, मी ते घातलेलं नाही. खरंच सांगते..."

"मी कधीचं विचारलं."

मी सांगितले. नळी आणायला ती गेली होती तो दिवस, बंद केलेले यंत्र, चाळिसावा सेकंद. काहीही न गाळता.

"टकटक ऐकल्यावर तू किती थांबलीस?"

"वीस सेकंद."

तिने जिन्याचा कठडा धरला. "मोज."

"काय?"

"मोठ्यानं मोज."

तिने तोंड घट्ट मिटले, नाक दाबले. मला उमगले. मी मोजू लागले. पाच. दहा. वरून मुले हसत उतरत होती, आमच्याकडे बघून वळसा घालून गेली. पंधरा. तिच्या डोळ्यांत पाणी आले. मला थांबावेसे वाटले. तिने मान हलवून नकार दिला. अठरा. एकोणीस.

वीस.

तिने श्वास घेतला. तो घेतानाचा आवाज मी ओळखला.

"लांब असतात गं," ती म्हणाली. "फार लांब असतात."

आणि ती पुढे निघून गेली.

त्याच संध्याकाळी मी जमा केलेली फाईल पुन्हा उघडली. लंब्या सोबत होता. आम्ही ती नऊ वेळा ऐकली. त्यात टकटक नाही. सरांच्या शेऱ्यात मात्र ध्वनीला सर्वाधिक गुण आहेत.

टिटवी माझ्याशी दीड महिना बोलली नाही. मग एके दिवशी तिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "साखर संपली आहे." तिने मला क्षमा केली का, हे मी विचारलेले नाही.

आम्ही घरात शांतता होऊ देत नाही. पंखा चालू असतो, रेडिओ चालू असतो, फ्रिज घुरघुरत असतो. पलंग केव्हाच देऊन टाकला. मागच्या खोलीच्या खिडकीवरचा काळा कागद मी खरवडून काढला. काचेवर चिकटपट्टीची चौकट राहिली आहे, ती निघत नाही.

गेल्या मंगळवारी, भर दुपारी, वीज गेली.

पंखा मंदावत थांबला. रेडिओ गेला. फ्रिज एकदा थरथरून निमाला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो होतो. टिटवीचे ओठ हलत होते. तीही मोजत होती.

एकोणचाळीस.

चाळीस...

टक.

टक.

टक.

या वेळी मी थांबले नाही. खुर्ची उलटली, टिटवी माझ्या मागे धावली, दोघी एकाच वेळी दारात पोचलो. खोली रिकामी. ऊन. फरशीवर पलंगाच्या पायांचे चार डाग.

"बाबा, आले," मी म्हणाले. "आले मी."

टिटवीने माझा हात धरला. आम्ही श्वास रोखून उभ्या राहिलो.

आणि तेव्हा, अगदी सावकाश, आणखी एक...

टक.

चौथी.

मी टिटवीकडे पाहिले. तिने माझ्याकडे. तिलाही ठाऊक नव्हते.

चारचा अर्थ बाबांनी आम्हाला कधी सांगितलाच नव्हता.