तपासणीला आलेला माणूस

"अहो, बूट! किलिमवरून आधी खाली उतरा!"

मी संग्रहालयाच्या अंगणातून ओरडले, तसा तो दचकून बाजूला झाला... आणि थेट माझ्या साबणाच्या बादलीत त्याचा पाय!

"मला वाटलं, जमिनीवर अंथरलंय म्हणजे चालायलाच असेल..."

"वाळत घातलाय. आता शिक्षा म्हणून घडी घालायला लागा. धरा ते टोक."

किलिम म्हणजे आमच्या पिरोत गावचा विणलेला गालिचा; एवढा मोठा एकटीने घडी होत नाही. दोघांनी टोकं धरायची, एकमेकांकडे चालत यायचं, पुन्हा मागे जायचं. पहिल्या घडीला कळलं, त्याचे डोळे तपकिरी आहेत. दुसरीला बोटांना बोटं लागली. तिसरी मी उगाचच मोडली आणि पुन्हा घातली.

"दोन्ही बाजू अगदी सारख्या?" त्याने विचारलं.

"पिरोतच्या किलिमला उलटी बाजू नसतेच."

"आणि पिरोतच्या मुलींना?"

"त्यांना एकच बाजू असते — चिडकी."

तो मनापासून हसला. "मी रास्तको. बेलग्रेडहून, मंत्रालयाकडून आलोय. तुमच्या प्रदर्शनाच्या अनुदानाची तपासणी करायला."

माझ्या हातातलं टोक गळून पडलं.

त्या अनुदानावर आमचं सगळं अवलंबून होतं. परदेशातल्या संग्रहालयांत गेलेले जुने किलिम एका हिवाळ्यापुरते गावी आणायचे होते. त्यांचा विमा, वाहतूक... आमच्या नगरपालिकेच्या आवाक्यातलं ते कामच नव्हतं. आणि त्यातला एक, व्हिएन्नातला, माझ्या आजीने, देसांकामावशीच्या आईने, विणलेला. मावशीची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली होती. "पूर्ण अंधार व्हायच्या आत एकदा आईचं काम बघू दे गं, कालिना," एवढंच तिचं मागणं.

रास्तको काम चोख करायचा. कुलपं, दिवे, भिंतींची ओल, सगळं बघायचा आणि मधूनच माझ्याकडेही. मावशीने रिवाजाप्रमाणे चेरीचा मुरंबा आणि पाण्याचा पेला पुढे केला, तर हा हात जोडून मागे सरला.

"अर्जदारांकडचं पाणीही चालत नाही, मावशी."

"पाण्यावर कोण विकलं जातं रे बाळा?" मावशी फणकारली.

संध्याकाळी नदीवरून परतताना पाऊस आला. मी छत्री उघडली.

"ही छत्रीसुद्धा अर्जदाराचीच ना?" तो म्हणाला.

"मग भिजा!"

चार पावलं भिजला... आणि गपचूप छत्रीत आला. खांद्याला खांदा लागला. मला तो आवडला होता. खूप आवडला होता. आणि ते त्याला सांगायची सोय नव्हती.

तो निघाला त्या दुपारी मावशीने घोळ घातला. अख्खा सर्बिया आम्हा पिरोतकरांच्या चिक्कूपणावर विनोद करतो. पिरोतकराने फुकट काही दिलं तर लोक आधी संशयच घेतात. आणि मावशीने आमची ती बाटलीने लाटून वाळवलेली सॉसेज गुपचूप त्याच्या पिशवीत सरकवली! पाहुणा रिकाम्या हाताने कसा पाठवायचा, म्हणे.

तासाभरात रास्तको परत दारात. हातात सॉसेज, चेहरा गंभीर.

"मी बसमधून उतरून ऑफिसला फोन केला. या अर्जावरून माझं नाव काढा म्हणालो."

"एका सॉसेजपायी?" मला रडूच फुटलं. "अहो, म्हातारी आहे ती! तिला काय कळतंय नियमांतलं? तिचा किलिम..."

"किलिम कुठे जात नाही. दुसऱ्या बाई येतील, पुन्हा तपासतील. आणि सॉसेजचं काय, ही घ्या, परत केली." त्याने ती टेबलावर ठेवली. "नाव त्यासाठी नाही काढलं. अर्जदारात जीव गुंतला तर तपासणी सोडावी लागते. कारण विचारलं त्यांनी... मी खरं ते सांगितलं."

मी डोळे पुसले. डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळच लागला.

"म्हणजे... मंत्रालयाला माझ्याआधी कळलं?"

"चुकलंच," तो कानापर्यंत लाल झाला. "आता तुम्हाला विचारतो. कालिना —"

"हो!"

"अजून विचारलं कुठे?"

"विचारा की मग. उत्तर तयार आहे."

त्या दुसऱ्या बाई आल्या. भयंकर कडक. भिंतीला दोनदा ओल आली म्हणून आम्हाला दोनदा रंग द्यायला लावला. पण अनुदान मंजूर झालं, मागितलं त्याहून थोडं कमी, तरी पुरेसं.

हिमवर्षाव सुरू झाला तेव्हा व्हिएन्नाची पेटी उघडली. मावशी किलिमसमोर इतकी जवळ गेली, की नाक लागेल असं वाटलं. लाल रंगात विणलेली कासवं तिने एकेक करून ओळखली. मग मागे न वळता तिने हात लांब केला, रास्तकोची बाही पकडली आणि त्याला पुढे ओढलं.

"आई," ती किलिमला म्हणाली, "हा रास्तको. आपल्या कालिनाचा."