मागची बोलते तोवर

मालन परब ज्युलियाला घेऊन डोंगरावर गेली ती फक्त रस्ता दाखवायला. साल सत्त्याऐंशी, जानेवारीतला शनिवार, टळटळीत दुपार. दुसऱ्या दिवशी मंडळाची जोडीची डोंगरदौड होती. मुलुंडच्या पायथ्यापासून कान्हेरीकडे जाऊन परत, अशा दोन फेऱ्या, पन्नास किलोमीटर. मालनची जोडीदारीण क्लॅरिस. पण सरावाच्या वेळी याच डोंगरावर पडून क्लॅरिस गेली, तिला पुरून दीड महिना झाला होता. तिच्या जागी तिची धाकटी बहीण ज्युलिया पळणार होती, तिचेच बूट घालून.

"रीत ऐकून घे," मालन म्हणाली. "पुढची रस्ता बघते आणि शब्द देते. दगड, मूळ, खड्डा, उतार. मागचीने तोच शब्द परत द्यायचा. मागची बोलते तोवर पळायचं. गप्प झाली की थांबायचं, मग शर्यत गेली चुलीत."

"क्लॅरिस शेवटपर्यंत शब्द देत होती ना, ताई?"

"होती."

हेच मालनने चर्चच्या दारात क्लॅरिसच्या आईलाही सांगितलं होतं. अकरा वर्षं दोघींनी औषधाच्या कारखान्यात एका टेबलावर गोळ्या भरल्या. कारखान्याच्या खेळांत साडी खोचून पळाल्या, तेव्हा बाप्ये फिदीफिदी हसले. क्लॅरिस म्हणाली, "हसू देत मेल्यांना, आपण डोंगर पळू." आणि पळाल्या. एकीच्या डब्यातलं सुकट दुसरीच्या पोटात, अशी ती मैत्री.

झाडीत शिरल्यावर वारा पडला. तापलेल्या गवताचा वास नाकात बसला. एक पाखरू बोलेना.

"दगड," मालन म्हणाली.

"दगड," मागून ज्युलिया.

आणि जरा वेळाने, आणखी मागून, "दगड."

डोंगरात आवाज घुमतो, मालनने मनाला सांगितलं. "मूळ."

"मूळ."

"...मूळ."

मालनने तोंडच मिटलं. पाचोळ्यावर पावलं वाजत राहिली. तिची. ज्युलियाची. आणि एक पाऊल फरफटत येणारं.

"ताई, शब्द का देत नाहीस?" मग ज्युलिया कुजबुजली. "ताई... माझ्या मागे कोण आहे?"

"थांब गं मालन... पाय मुरगळलाय."

मालन गर्रकन वळली. ज्युलियाचे ओठ हलले नव्हते. कोरड्या ओढ्याचं वळण आलं होतं. हे शब्द जगात दोघींनाच ठाऊक, त्यातली एक मातीत. मालन मट्कन खाली बसली.

"खोटं बोलले मी, ज्युले. इथेच तिने हाक मारली. मी ऐकली. घड्याळात वेळ चांगली पडत होती. म्हटलं, नाटकं करू नको गो, ये मागून. आणि पुढे गेले. या उताराचा शब्दसुद्धा दिला नाही तिला. ती इथून पडली आणि मी खाली चहा पीत बसले."

ज्युलिया कितीतरी वेळ उतारावरून खाली बघत राहिली. मग तिने बूट काढले, मालनसमोर दगडावर जोडीने ठेवले आणि अनवाणीच निघाली.

"थांब गो... काटे आहेत," मालन म्हणाली.

ज्युलिया थांबली नाही. वळूनही बघितलं नाही.

मालनने बूट उराशी धरले. डोळ्यांतल्या पाण्याने पुढचं दिसेना. ती तशीच चालू लागली.

"दगड," मागून हलकेच आवाज आला.

मालन थबकली. अंगठ्यासमोर दगड होता.

"दगड," तिने शब्द परत दिला.

"मूळ."

"मूळ... शिव्या दे मला, क्लॅरिस. हे असं नको करू."

मागचीने शिवी दिली नाही. डोंगर उतरेपर्यंत ती एकेक खड्डा सांगत राहिली, आणि मालन रडत रडत एकेक शब्द परत देत राहिली.

खाली डांबरी रस्ता लागला. भाजीवाल्या, सायकली, रेडिओ. मागचा आवाज बंद झाला. मालन चाळीच्या वळणावर आली. वीस वर्षांची पायाखालची वाट. समोर दार दिसत होतं, दारात वाळत घातलेली तिचीच साडी.

तेवढ्यात कानाजवळ, अगदी मायेने,

"उतार आहे गं, मालन..."

मालनने खाली बघितलं. रस्ता सपाट होता. पण मागचीचा एकही शब्द अजून खोटा ठरला नव्हता. शब्द परत द्यायला तिची जीभ उचलेना, आणि उचललेला पाय खाली टेकवायचा धीर होईना.