धावड्याचे निखारे

ही घटना मी स्वतः पाहिली आहे. ऐकीव नाही. तारीख ५ जानेवारी २०२५, रविवार. ठिकाण राळेगावपासून नऊ किलोमीटरवरचं एक शेत. गावाचं नाव देत नाही, कारण त्या बाई अजून तिथेच राहतात.

रात्र नव्हती. दुपारचे पावणेबारा वाजले होते. लख्ख ऊन होतं.

शेत माझ्या मेहुण्याचं, कपिलचं. त्याने मला जेवायला बोलावलं होतं. अख्खी गावरान कोंबडी, निखाऱ्यावर भाजलेली. भाजणारा हरिसिंग, शेजारच्या तांड्यावरचा त्याचा मित्र.

कोंबडीला मीठ, तिखट, लसूण चोळून तासभर ठेवलं होतं. हरिसिंगने ती लोखंडी सळाखीत ओवली आणि सळाख दोन्हीकडे विटांवर टेकवली. खाली निखारे लालबुंद होते. धूर नाही, जाळ नाही.

"लाकूड कोणतं?" मी विचारलं.

"धावडा," हरिसिंग म्हणाला. "असं लाकूड आता पाहाले भेटत नाही, साहेब. तीन तास निखारा मरत नाही."

मी गोठ्याकडे पाहिलं. तिथली लाकडाची रास अर्ध्यावर आली होती. आणि मला कळलं...

ते लाकूड मला माहीत होतं. कपिलचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ सदाशिवराव, यांनी ते स्वतःच्या सरणासाठी वाळवून ठेवलं होतं. मूलबाळ नव्हतं. आपला भार कोणावर नको, म्हणायचे.

ते गेले आदल्या जुलैत. चार दिवसांची झड लागली होती. शेताची वाट चिखलाची, ट्रॅक्टर फसेल, असं सांगून कपिलने ते लाकूड आणलंच नाही. घाटावरच्या ओल्या लाकडांवर टायर टाकले, डिझेल ओतलं. मोठेबाबा नीट जळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा डिझेल न्यावं लागलं.

तेरवीला त्यांची बायको इंदूबाई, कपिलची मोठीआई, सगळ्यांसमोर कपिलला म्हणाली होती, "त्यायचं तं राहूनच गेलं. ते लाकूड आता माह्यासाठी ठेव. मले तसं जाळू नको, बापू."

कपिलने मान डोलावली होती. मी शेजारीच बसलो होतो.

"कपिल, हे मोठीआईचं लाकूड ना?"

"अर्धंच काढलं, जिजाजी. मोठीआई काय आजच चालली काय? अजून दहा वर्स मले शिव्या देऊनच जाईन." तो हसला. "आन् तुम्ही कायले पेपरवाल्यासारखं विचारून राह्यले? सुट्टी हाये ना आज? कोंबडी खा."

मी गप्प बसलो. पाहुणा होतो. भूकही लागली होती. हे लिहायलाच हवं.

पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. हरिसिंग सळाख फिरवत होता.

आणि मग जाणवलं... वास येत नव्हता.

कोंबडी भाजताना चरबी ठिबकते, चर्र होतं, लसणाचा वास शेतभर जातो. इथे काहीच नव्हतं. कोंबडी साफ करताना बांधावर दोन कुत्री भांडत होती. ती कधी निघून गेली, कोणी पाहिलं नाही.

"निखारा कमी पडून राह्यला काय बे?" कपिलने विचारलं.

हरिसिंगने निखाऱ्यावर हात धरला आणि झटकन मागे घेतला. "नाही. पोळते." मग त्याने कोंबडीला बोट लावलं...

त्याचा चेहरा उतरला.

"कपिलभाऊ... थंडीगार हाये."

मीही हात लावला. विहिरीतून काढल्यासारखी गार. तिखटाचा लाल रंग धुऊन गेला होता. खालची कातडी पांढरीफटक.

मग आवाज सुरू झाला.

टप... टप... टप...

कोंबडीतून पाणी गळत होतं. थांबतच नव्हतं. निखाऱ्यावर पडत होतं, तरी वाफ नव्हती आणि निखारा विझत नव्हता. आवाज वाढत गेला. टिनावर पाऊस पडतो, अगदी तसा. मी वर पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

आणि आता वास आला...

डिझेलचा.

"पेटवताना डिझेल टाकलं होतं?" मी विचारलं.

"नाही जी. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीवर पेटवलं," हरिसिंग म्हणाला.

कपिल एक पाऊल मागे सरला. त्याने वास ओळखला होता.

तेवढ्यात बांधावरून इंदूबाई आली. डोक्यावर भाकरीचं टोपलं. आमच्या जेवणासाठी तिनेच भाकरी थापल्या होत्या. तिने निखारे पाहिले. मग गोठा पाहिला. टोपलं खाली ठेवलं.

"जवाईबापू, तुमाले ठावं होतं?"



ती गोठ्यात गेली. उरलेलं लाकूड एकेक करून आणलं आणि आगीवर ठेवू लागली. कपिल आडवा आला.

"मोठीआई, ते तं राहू दे! तुह्यासाठीच ठेवलं ना!"

"माह्यं कायचं घेऊन बसला? त्यायले थंडी वाजून राह्यली. दिसत नाही तुले?"

शेवटचं लाकूड पेटलं, तेव्हा पाणी थांबलं. साडेचारपर्यंत ती आगीजवळ बसून होती. सगळ्याची राख झाली. कोंबडी कच्चीच होती. हरिसिंगने ती बांधापलीकडे पुरली.

फेब्रुवारीत कपिलने मोठीआईच्या सरणासाठी ट्रॉलीभर वाळलेलं बाभूळ आणून गोठ्यात रचलं. सकाळी ते ओलं होतं. वरची टिनं शाबूत, खालची माती कोरडी, आणि लाकूड निथळत होतं. मार्चमध्ये त्याने घरात रचलं. तेच. १८ एप्रिलला मी जाऊन स्वतः हात लावला. बाहेर बेचाळीस अंश होतं. लाकूड गार होतं.

मोठेबाबांचा राग कपिलवर असेल, तर समजतो. माझ्यावर असेल, तरी समजतो. इंदूबाईने काय केलं होतं?

मे लागल्यापासून इंदूबाई मला पेपरच्या कचेरीत फोन करायची. एकच प्रश्न.

"जवाईबापू, औंदा पाऊस कवा लागते?"

हवामान खात्याचा अंदाज आला, त्या दिवशी मी तिला तारीख सांगितली. पलीकडे ती बोटांवर दिवस मोजत असावी...

"म्हणजे बावीस दिस हायेत. तोवर घाटावरचं लाकूड कोरडं राहीन," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोन आला नाही. काल मीच कपिलला लावला. तो म्हणाला, मोठीआईने चार दिवसांपासून जेवण सोडलंय.

तारीख मी सांगितली होती.