पावसाचे दिवस धरायचे नाहीत

करमाडच्या हॉटेलात चहा पिताना ज्ञानेश्वरीच्या कानावर मागच्या टेबलावरचं बोलणं पडलं. "कांडला बंदरात जहाज रिकामं होतंय... पुढचा माल शोधतोय."

तिनं वळून पाहिलं. "इथं कुठं हो समुद्र?"

"गारखेड्यात, माझ्या ऑफिसात," फोन ठेवत तो हसला. इंद्रजीत त्याचं नाव. मालवाल्यांची आणि जहाजमालकांची गाठ घालून देणारा दलाल.

ज्ञानेश्वरी पिशोर गावची. आसपासच्या शेतकऱ्यांचा मका तिनं एकत्र केला होता. व्हिएतनामचं गिऱ्हाईकही ठरलं होतं, पण कंटेनर मिळत नव्हते. तिनं ते त्याला सांगितलं.

"मग छोटं जहाजच भाड्यानं घ्या. ट्रकसारखंच असतं. एका खेपेचं भाडं, माल भरायला ठरलेले दिवस. जास्त लागले, की जहाजमालक दंड लावतो."

"अन् मधी पाऊस आला तर? भिजका मका कोण घेईल?"

तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. हा प्रश्न लोक सही झाल्यावर विचारायचे.

मग रोज फोन सुरू झाले. आधी करारासाठी, नंतर... नुसतेच.

जहाजमालक मात्र अडून बसला. पावसानं भरणी थांबली, तरी ते दिवसही धरणार म्हणाला.

"सोडून द्या ना तेवढं," इंद्रजीत म्हणाला. "नाहीतर जहाज हातचं जाईल."

"जाऊ द्या. लोकांनी माझ्या भरवशावर मका दिलाय."

"माझी दलालीही जाईल."

"व्हय. त्याचं लई वाईट वाटतंय," ती म्हणाली, "पण मालकाला सांगा, पावसाचे दिवस धरायचे नाहीत."

त्यानं तसंच सांगितलं. मालकानं बरेच दिवस ताणून धरलं. शेवटी कबूल झाला.

जयगड बंदरात जहाज लागलं आणि अवकाळी पाऊस आला. भरणी थांबली, जहाजाच्या कोठारांची झाकणं बंद झाली. शेडखाली दोघं शेजारी उभे होते.

"इतकी जहाजं ठरवली, पण जवळून पहिलंच बघतोय," तो म्हणाला.

"मग ह्यालाच कसे आलात?"

"जहाजासाठी नाही आलो मी..."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. ती ओढणीचं टोक पिळत राहिली. मग तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "अर्धं बोललेलं मला चालत नाय."

"लग्न कराल माझ्याशी?"

"करीन. पण पिशोर सोडणार नाय... कामही नाय."

"मी येतो पिशोरला. फोनला रेंज असली म्हणजे झालं."

ती हसली, पहिल्यांदाच मोकळी. पाऊस ओसरला तशी क्रेन हलली, झाकणं सरकू लागली.

"चल," त्याचा हात धरत ती म्हणाली, "आधी मका भरू."