घागरीतली भरती

बायकोच्या हातातलं कडं काढून न्यायचं आणि चारचौघांत घागरीत बुडवायचं, असलं वागणं नागूबायच्या खानदानात कुणी केलं नव्हतं. तिच्या लेकाने, धनेशने केलं, तेही कोळीवाड्याच्या सभेत, छाती पुढे काढून.

ते ओढकडं होतं. खाडीचं मुख खणून खोल केलं तेव्हापासून तिथीवरून भरती सांगता येईना. म्हणून वाळूच्या बेटावर तिसऱ्या-शिंपल्या काढायला जाणारी प्रत्येक बाई हिरव्या चुड्यात हे कडं घाली. चंद्राची ओढ आणि चढत्या पाण्याचा भार त्याला कळे. भरती लागली की ते मनगटावर थरथरे.

धनेशचं म्हणणं, पृथ्वी ताटासारखी चपटी, ओढबिढ सगळी थाप. कडी विकणारे बायांना भिववतात. चंद्र समुद्र उचलतो, तर घागरीतलं पाणी बोटभर तरी का उचलत नाही? शाळेतल्या बाई सांगू लागल्या, की ओढीतला फरक दिसायला अख्खा समुद्र लागतो. त्यांना कुणी बोलू देईना. तेव्हा नागूबायनेच विचारलं, "घागरीत गलबत तरी चालतं का रे?" आणि हशा धनेशवर उलटला.

तेवढ्यात घागर किणकिणू लागली. आत कडं थरथरत होतं.

"बघा, पाणी आहे तिथंच आहे," धनेश म्हणाला.

नागूबाय मात्र उठली होती. कड्याशिवाय बाई बेटावर जात नाही, म्हणून सून घरीच असेल असं तिने धरलं होतं. "जागृती कुठाय?"

"बेटावर. मीच म्हटलं, जा बिनधास्त."

पुढं कुणी वाद घातला नाही. मायलेकांनी होडी लोटली. बेट कुठं दिसेना, नुसतं गढूळ पाणी. जाळ्याच्या खांबाला बिलगलेली जागृती सापडली तेव्हा पाणी तिच्या हनुवटीला लागलं होतं. होडीत ओढताना तिची बोटं खांबावरून सुटता सुटेनात.

धनेशचे ओठ पांढरे पडले होते. तरी तो पुटपुटला, "वारा होता आये. वाऱ्याने पाणी लोटलं."

नागूबायने सुनेला आपल्या पदरात गुंडाळलं आणि मग लेकाकडे पाहिलं.

"तुझी पृथ्वी चपटी तर चपटी. मी काय टोकापर्यंत जाऊन आले नाही. पण ते खरं करायला तिच्या काठावर माझी सून उभी राहणार नाही. उद्यापासून बेटावर तू जायचं, बिनकड्याचा. जाशील?"